मोटरहोमला आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मोटरहोमवरचा लेख आमच्या घरी दोनदा वाचला गेला. एकदा मी वाचला. मग सौ.ने मोठ्याने वाचला आणि संपल्यावर पान उलटून मागे काही राहिलंय का ते पाहिलं. म्हणाली, "अहो, यात प्लगबद्दल काहीच नाही." खरंच नव्हतं. घडीचा पलंग होता, दोन बर्नरची शेगडी होती, छताच्या खिडकीतून दिसणाऱ्या चांदण्यासुद्धा होत्या. फोटो सगळे आतले. गाडीच्या बाहेरच्या अंगाचा एकही नाही. म्हणून हे पत्र.

मी इंदूरचाच, राजेंद्रनगरला राहतो. ३४ वर्षं कारखान्यांत आणि इमारतींत वायरिंगची कामं केली. महारानी रोडवरचे जुने दुकानदार मला अजून तोंडाने ओळखतात. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नव्हे, पुढे जो कबुलीजबाब आहे त्यासाठी. एवढा अनुभव गाठीशी असून भाड्याची मोटरहोम ताब्यात घेताना मीही तेच पाहिलं जे सगळे पाहतात. गादी दाबून पाहिली, फ्रिज गार होतो का पाहिलं, नळ सोडून पाहिला. गाडीच्या बाहेरून एक चक्कर मात्र मारली नाही.

बेत नर्मदा परिक्रमेचा होता. आम्ही दोघं, दादा, वहिनी आणि त्यांचा आठ वर्षांचा नातू. दादाचे गुडघे गेलेले, वहिनींना सार्वजनिक संडास नको, त्यामुळे पुतण्यानेच मोटरहोम सुचवली. मिनीबसच्या चॅसीवर बांधलेली गाडी, सोबत मालकाचा ड्रायव्हर. "एसी लावून परिक्रमा! मैया हसेल आपल्याला," असं दादा निघताना म्हणाला आणि पहिल्याच दुपारी एसीखाली घोरायला लागला. ओंकारेश्वरला संकल्प सोडला, दक्षिण तटाने समुद्राकडे गेलो, भरूचकडून वळून उत्तर तटाला लागलो. नारेश्वर झालं, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन झालं. सहा दिवस सगळं छान चाललं होतं.

सातव्या दिवशी पहाटे मावठा पडून गेला होता. आदल्या रात्री आम्ही महेश्वरला एका आश्रमाच्या आवारात गाडी लावून त्यांच्या स्वयंपाकघरातून लाइट घेतली होती. सौ. मैयावर स्नान करून अनवाणी आली, अंगावर ओलं लुगडं, हातात तांब्या. दाराच्या मुठीला हात लावला आणि तांब्या खाली पडला. "चावतंय हो हे दार!"

ड्रायव्हर हसला. म्हणाला, "बाबूजी, बारिश में थोड़ा करंट आता है, गाड़ी का नेचर है." चार रबरी चाकांवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या खोलीला असला स्वभाव असेल, तर त्या खोलीत नातवाला कसा झोपवायचा?

मी मीटर काढला. (तो मी तीर्थयात्रेलाही नेतो, घरात यावरून बरंच ऐकून घेतलं आहे.) एक टोक दाराच्या मुठीला, दुसरं ओल्या मातीत खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरला. आकडा आला ११२ व्होल्ट. मग त्याच दोन जागांत बल्बचा होल्डर जोडून पाहिला, तर तार लालसुद्धा झाली नाही. जाणकाराला एवढ्यावरून अर्धं निदान होतं. कुठे फेजची वायर सोलून पत्र्याला थेट टेकली असती तर मीटरने २३० च्या आसपास दाखवलं असतं आणि बल्ब लख्ख पेटला असता. हा गळतीचा करंट होता. आजकालच्या बॅटरी चार्जरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये जो फिल्टर असतो, तो थोडासा करंट अर्थिंगच्या वायरमध्ये सोडतच असतो. वायर शाबूत असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. ती तुटलेली असेल तर तो गाडीच्या अंगावर बसून राहतो, साधारण निम्म्या व्होल्टेजला. त्याने माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण त्याच दिवशी गीझरची कॉइल फुटली असती, तर त्याच मुठीवर पूर्ण २३० आले असते आणि सौ. तिथे ओल्या पायांनी उभी होती.

आता अर्थिंग तुटलंय कुठे ते शोधायला मी पहिल्यांदा गाडीला बाहेरून प्रदक्षिणा घातली. परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवतात, तशी गाडीही उजव्या हाताला ठेवली. जे दिसलं ते सांगतो.

गाडीच्या उजव्या बाजूला मागच्या चाकाजवळ एक झाकण होतं. त्याआड लाइट घेण्याची जागा. तिथे बसवलेलं होतं आपल्या घरातलं साधं १६ अँपिअरचं सॉकेट. म्हणजे भोकं गाडीला. मग केबलच्या त्या टोकाला काय असणार? पिना. आणि आश्रमाच्या बोर्डात जाणाऱ्या टोकाला? तिथेही पिना. दोन्ही टोकांना टॉप, म्हणजे पिनांचा प्लग, असलेली केबल! आमच्या धंद्यात असली केबल पोराने बनवली तर मिस्त्री त्याच्या कानाखाली काढायचा. कारण साधं आहे. गाडीकडचं टोक निसटलं, कोणी पाय अडकून ओढलं, की पितळेच्या उघड्या पिना जमिनीवर आणि त्यांत २३० व्होल्ट. सहा रात्री ती केबल अंगणात पडलेली होती आणि सकाळी ती गुंडाळायला नातू ड्रायव्हरला मदत करत होता. कोणतं टोक आधी काढायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला तर ते टोक कसलं आहे हेच माहीत नव्हतं.

हे बरोबर कसं असतं? युरोपात कॅराव्हॅनसाठी, म्हणजे असल्याच राहत्या गाड्यांसाठी, निळ्या रंगाचा गोल तीन पिनांचा प्लग वापरतात, १६ अँपिअरचा. आपल्याकडे कारखान्यांत तोच चालतो, महारानी रोडवर 'इंडस्ट्रियल प्लग' म्हणून मागा, समोर ठेवतील. त्यात गाडीच्या अंगावर पिना असतात, खोलगट खोबणीत, वर स्प्रिंगचं झाकण. केबलच्या गाडीकडच्या टोकाला भोकं. जिकडून वीज येते तिकडे नेहमी भोकं आणि जिकडे जाते तिकडे पिना, एवढा हा नियम. शिवाय उभ्या गाडीवर पाऊस तिरका आला तरी निभावेल असं झाकण, आयपी ४४ दर्जाचं. आयपीच्या आकड्यातला पहिला ४ म्हणजे एक मिलिमीटरहून जाड वस्तू आत जात नाही, दुसरा ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी बाधत नाही. आमच्या गाडीचं झाकण दुचाकीच्या हेल्मेट बॉक्ससारखं होतं, आत चाकाने उडवलेला चिखल वाळून बसलेला.

केबलच्या आश्रमाकडच्या टोकाचा टॉप उघडला आणि तुटकं अर्थिंग सापडलं. तुटकं म्हणजे तोडलेलं. हिरवी वायर मुळाशी पक्कडीने कापून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि मोठी जाड पिन काढून टाकली होती. का, तर धर्मशाळांतून दोन पिनांचे बोर्ड असतात, तिथे तीन पिना जात नाहीत. ती जाड पिन लांबीलाही जास्त असते, ती उगाच नव्हे. टॉप घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं, म्हणून ती तशी केलेली आहे. या गाडीवर जो कोणी मिस्त्री होता त्याला ती अडचण वाटली.

ड्रायव्हरकडे यावर उपाय होता. डिकीतून त्याने हातभर लांब लोखंडी खुंटी आणि वायर काढली, म्हणाला ही जमिनीत ठोकून गाडीला बांधली की अर्थिंग झालं. हा समज मला इतक्या ठिकाणी भेटला आहे की इथे थोडं थांबतो. तिथली जमीन रेताड. खुंटीचा रोध ५० ओहम धरला, तोही उदार मनाने, तरी २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अँपिअर. गाडीच्या पॅनलमधला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, साडेचार अँपिअरकडे ढुंकूनही बघत नाही. तो पडणार नाही आणि गाडीचं अंग तापलेल्या तव्यासारखं तसंच राहील. मात्र तीच खुंटी आणि जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर मामला वेगळा. जाणारा आणि येणारा करंट तो सतत जोखतो, ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. आमच्या पॅनलमध्ये तो नव्हता. चकाकत्या काळ्या काचेचे टच स्विच होते, निळे दिवे होते, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा पडदा होता. आरसीसीबीची जागा रिकामी, वर प्लास्टिकची पट्टी.

एमसीबीही एकेरी, म्हणजे फक्त एक वायर तोडणारे. घरात ते चालतं, कारण घरात फेज कुठली ते ठरलेलं असतं. फिरत्या गाडीला रोज नवं सॉकेट. अर्थिंगचं भोक वर ठेवून समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे हवी, पण आम्हाला वाटेत तीन जागी ती डावीकडे सापडली. अशा वेळी एकेरी एमसीबी पाडला तरी आतली फेज जिवंतच. मोटरहोमला दुहेरीच हवेत.

प्रदक्षिणेत पुढे गॅसची पेटी होती. खाली, पत्र्याच्या तळाला, जाळीचं भोक असतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो, म्हणून निघायची वाट खालीच ठेवतात. धूळ आत येते म्हणून त्या जाळीवर कुणीतरी रुंद टेप चिकटवली होती. आणि पेटीच्या आतच, सिलिंडरच्या डोक्यावर, दिव्याचं बटण! मी टेप काढली, बटणाची वायर सोडवली, दोन्ही गोष्टी ड्रायव्हरला दाखवल्या. त्याचं हसणं तिथे थांबलं. त्याच्या पोरींची नावं सांगून म्हणाला, मी रोज याच्याच शेजारी झोपतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला गाडी हाकायला ठेवलं होतं, बाकी कोणी काही शिकवलंच नव्हतं.

बाकीचं भराभर सांगतो. दार आणि छत्री, म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छप्पर, डाव्या बाजूला होती, ते मात्र बरोबर. आपण डावीकडून चालतो, फूटपाथकडे उतरता आलं पाहिजे. परदेशी फोटो पाहून बांधलेल्या काही गाड्यांत दार उजवीकडे असतं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने ट्रकसमोर उतरायचं. छत्रीखाली बाहेर बसून चहा करायला एक सॉकेट होतं, उघडं, बिनझाकणाचं, तोंड आकाशाकडे. पिण्याचं पाणी भरायची तोटी आणि लाइटचं सॉकेट यांत वीतभर अंतर. केबलचा ड्रम ३० मीटरचा, त्यातली पाच मीटर सोडून बाकी गुंडाळलेलीच ठेवायची सवय. रात्रभर एसी चालला की आतली गुंडाळी तापते, उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. मी सगळी केबल उलगडली तेव्हा आतले वेढे एकमेकांना चिकटलेले होते. वापरायची पाच मीटर असली तरी ड्रम पूर्ण उलगडायचा असतो.

"रात्रभर बॅटरीवर एसी चालेल" हे मालकाचं वचनही इथेच निकालात काढतो. बॅटरी २०० अँपिअर-तासांची, १२.८ व्होल्टची. गुणाकार केला तर २५६० वॉट-तास. एसी दीड हजार वॉट ओढतो. दीड-पावणेदोन तासांत काम तमाम, इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळंच. म्हणजे गाडी बाहेरच्या लाइटवर अवलंबून आहेच, आणि म्हणूनच ती लाइट आत येते त्या हातभर जागेला एवढं महत्त्व.

त्या सकाळी मी बाहेरची लाइट बंद केली, एसी-गीझर बंद, आणि पुतण्याला फोन लावला. यादी सांगितली. तो इंदूरहून सगळं घेऊन महेश्वरला आला, साधारण नव्वद किलोमीटर, सोबत आईसाठी सेव आणि माझ्यासाठी "काका, तुम्ही तपासून घेतली नव्हती का?" हा प्रश्न. मी उत्तर दिलं नाही. मालकाला फोनवर विचारूनच कामाला हात घातला. गाडीच्या अंगावर खोलगट पिनांचा निळा इनलेट बसवला, खाली रबरी वायसर, कडेने सिलिकॉन. केबलला गाडीकडे भोकांचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला तीन पिनांचा धड टॉप. पॅनलमध्ये दुहेरी आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत), १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर. हिरवी वायर थिंबल लावून चॅसीला, रंग खरवडून. सगळ्या सामानाचं बिल तीन हजारांच्या आत आलं. तीन तास लागले, त्यातला एक तास दादाच्या सूचनांत गेला. शेवटी टेस्टचं बटण दाबलं, खट्कन पडला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बिघडलं का हो?" म्हटलं, नाही, आत्ताच सुधारलं.

पुढच्या मुक्कामांना मी आधी बोर्ड तपासायचो. तीन भोकं असून मागे अर्थिंगची वायरच नाही, असे बोर्ड पुष्कळ निघाले. तिथे आम्ही बाहेरची लाइट घेतलीच नाही, पंख्यावर झोपलो.

आता हे सगळं आपल्याला का लिहितोय ते. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर या रस्त्यांवर तेव्हा असल्या गाड्या रांगेने उभ्या असतील. शेजारच्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तिकडूनही येतील. त्यांना लाइट लागणार आणि सोय नसेल तर ते चहाच्या टपरीतून दोन पिनांनी घेणार.

यूट्यूबवरच्या अमेरिकन गाड्यांचे ३० आणि ५० अँपिअरचे प्लग पाहून लोकांना वाटतं, हे आपल्या आवाक्यातलं नाही. तिकडचे ३० अँपिअर हे १२० व्होल्टचे, म्हणजे ३६०० वॉट. आपलं गीझरचं १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर ३६८० वॉट देतं. त्यांच्या त्या ३० अँपिअरच्या जाडजूड प्लगाइतकं काम आपलं रोजचं सॉकेट करतं. फक्त ते धड बसवलेलं हवं. पार्किंगमध्ये कमरेएवढा खांब, झाकणाचं १६ अँपिअरचं सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, तपासून घेतलेलं अर्थिंग आणि पैसे घ्यायला मीटर. भक्तनिवासांनी दहा जागांना जरी हे केलं तरी खूप आहे. पैसे घ्या, आम्ही देऊ. फुकटच्या दोन पिनांपेक्षा ते परवडतं.

आणि गाड्या भाड्याने देणाऱ्यांबाबत. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्या देशात एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यानुसार मान्यता घेतलेली गाडी आणि सीटं काढून पलंग ठोकलेली गाडी बाहेरून सारखीच चकचकीत दिसतात. कागद मागायला लाजू नये. मी लाजलो होतो, कारण मालक ओळखीतून मिळाला होता.

आपल्या लेखकाने पुढचा भाग लिहिलाच, तर एक फोटो गाडीच्या उजव्या अंगाचा जरूर घ्यावा, झाकण उघडं ठेवून. कापलेल्या हिरव्या वायरचा तो टॉप आणि केबलचा वीतभर तुकडा मी जपून ठेवला आहे. सौ.ने दोनदा टाकून द्यायला सांगितला, दिला नाही. फोटोसाठी हवा असल्यास कार्यालयात आणून देईन, दुपारी चारनंतर कधीही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वायरिंग पर्यवेक्षक
राजेंद्रनगर, इंदूर